एकट्याच्या नावाचं खातं

खंडाळ्याहून जत तालुक्यातल्या बँकेच्या शाखेत माझी बदली झाली, तेव्हा पहिल्याच महिन्यात मला सुभेदार भेटले. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. पेन्शन जमा झाली की इस्त्रीचा सदरा घालून यायचे, माझ्या टेबलाशी बसून विड्रॉल स्लिप भरायचे आणि फौजेत शिकलेल्या इंग्रजी अक्षरांत लांबलचक सही करायचे. एटीएम कार्ड त्यांनी घेतलंच नव्हतं. "मशीन कुटं वळकतंय माणसाला? तुमी वळकता," म्हणायचे.

खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. बायकोचं नाव नॉमिनी म्हणून लावलेलं होतं, पण नॉमिनीला ते हयात असेपर्यंत काहीच अधिकार नसतो. एकदा मीच म्हटलं, "काकूंचं नाव खात्यात घाला. मग दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील." त्यांना पटलं. पुढच्या सोमवारी ते काकूंना घेऊन आले. काकू पहिल्यांदाच बँकेत आल्या होत्या, खुर्चीच्या कडेला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या आधार कार्डावर माहेरचं नाव होतं आणि पेन्शनच्या कागदावर सासरचं. मी कार्ड परत दिलं. "नाव दुरुस्त करून आणा. मग पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिन्टांचंच हाय न्हवं? मग काय घाई न्हाई," सुभेदार म्हणाले.

नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं असतं, तर काम त्याच दिवशी झालं असतं. मला ते माहीत होतं. पण बाजारचा दिवस होता, काउंटरवर मराठी आणि कानडीतून एकदमच ओरडा चालला होता, आणि मला समोरची रांग हलवायची होती.

दोनदा ते आधार केंद्रावर जाऊन आले. एकदा केंद्र बंद, एकदा यंत्र बंद. त्यानंतर ज्वारीच्या पेरणीच्या दिवसांत सुभेदारांना लकवा झाला.

काकू एकट्याच आल्या. त्यांनी पुढे केलेल्या स्लिपवर सहीच्या जागी एक वाकडी रेघ होती.

"ही सही कुणी केली?"

"त्यांनीच. म्या हात धरला हुता," त्या म्हणाल्या. लपवावं असं त्यांच्या मनातही नव्हतं.

कॉम्प्युटरवर सुभेदारांची जुनी सही मी उघडून बसले होते. स्लिप परत देताना त्यांच्याकडे बघवलं नाही. आजारी खातेदाराच्या अंगठ्याच्या ठशावर पैसे देता येतात, त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा, मी स्वतः घरी येते, असं त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा जरा सुटला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांना साक्षीदार म्हणून घेऊन मी गेले. शाईचा पॅड माझ्या पर्समध्ये होता. सुभेदार कॉटवर उशीला टेकून बसले होते. मला बघून त्यांचे डोळे हलले. मला वाटलं, ओळखलं.

"सुभेदार, काकूंना तुमच्या खात्यातले पैसे द्यायचे ना?"

"व्हय," ते म्हणाले.

मी पॅड उघडला. पण ठसा घेण्याआधी खातेदाराला कळतंय याची खात्री करावी लागते. मी विचारलं, "की द्यायचे नाहीत?"

"व्हय."

"मी कोण? तुमची बहीण का?"

"व्हय," ते तितक्याच ठामपणे म्हणाले. लकव्यानंतर त्यांच्याजवळ तेवढा एकच शब्द राहिला होता.

डॉक्टर हळूच म्हणाले, "मॅडम, यांना समजतंय असं मला लिहून देता येणार नाही."

काकूंनी सुभेदारांचा अंगठा धरून पॅडवर टेकवलासुद्धा होता. "आवं म्याडम, ह्यो बगा अंगटा. त्यांचाच हाय. लावा की." मी कागद मागे ओढला. मग त्यांनी पदराच्या टोकाने नवऱ्याच्या अंगठ्याची शाई पुसली. ती नीट निघाली नाही.

मी सांगलीच्या मोठ्या कार्यालयात फोन केला. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोर्टाकडून पालक नेमून आणायला सांगा. दुसरा मार्ग नाही." हेच उत्तर त्यांच्या जागी बसून मीही दिलं असतं.

वकील झाला, अर्ज झाला, तारखा पडू लागल्या. सांगलीच्या डॉक्टरांनी रोज व्यायाम आणि बोलण्याचा सराव सांगितला होता. जायला-यायला गाडी लागायची. काकूंनी आधी चार मेंढरं विकली, मग उरलेली. इकडे पेन्शन दर महिन्याला खात्यात येत होती आणि पासबुकात छापून निघत होती. एकदा मी माझ्याजवळचे पैसे त्यांच्यापुढे धरले. त्यांनी हात मागे घेतला. "तुमचं कशाला? त्यांचंच हायत की तितं."

सांगलीला जाणं तिसऱ्या महिन्यात थांबलं. कोर्टाचा आदेश यायच्या आत सुभेदार गेले.

मृत्यूचा दाखला घेऊन काकू आल्या. आता नॉमिनी म्हणून त्यांचा अधिकार सुरू झाला होता. अर्ज भरला, नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र जोडलं, आणि आठवडा संपायच्या आत सगळी रक्कम त्यांना मिळाली. कुणी काही विचारलं नाही.

सही करून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्याडम, त्ये असताना ह्ये का न्हाई झालं?"

नियम काय आहे ते मी सांगितलं. खातेदार जिवंत असेल तर त्याचा पैसा त्याच्या संमतीशिवाय कुणालाही, बायकोलासुद्धा, देता येत नाही. नाहीतर कुणीही कुणाचा अंगठा धरून पैसे नेईल. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या.

बाहेर ऊन होतं. मी त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. वाटेत औषधाच्या दुकानापाशी त्या थांबल्या, "हितली उधारी द्यायची हाय," म्हणाल्या. दुकानदार वही चाळत होता तोवर मी त्यांची पिशवी धरून फुटपाथवर उभी राहिले. स्टँडवर गाडी लागली तेव्हा त्यांनी पिशवी मागून घेतली आणि म्हणाल्या, "जावा तुमी. रांग लागली आसंल."

खरंच लागली होती.