तीन गारगोट्या

पेग लिनिहन रोज दहाच्या सुमारास चहाचा थर्मास घेऊन कुंपणापाशी यायची. नव्या रस्त्याच्या वाटेत ओढ्याकाठची काळी टेकडी येत होती, म्हणून रस्ता होण्याआधी आम्ही पुरातत्त्वाची माणसं ती खणत होतो. टेकडी कसली, ढीगच. तीन हजार वर्षांपूर्वी लोकांनी पाणी उकळायला दगड तापवून त्यात टाकले, तडकलेले बाजूला फेकले, त्यांचा.

"मिसेस लिनिहन, सोनं निघालं तर निम्मं आमचं!" मुकादम मॅलकी ओरडायचा.

"आधी फावडं धर नीट, मेल्या!"

तिसऱ्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं. "तुला दिवस गेलेत ना, पोरी? म्हणून तुलाच विचारते. तीन पांढऱ्या गारगोट्या दिसल्या का गं? शेजारी शेजारी?"

"नाही हो. सगळे जळके, तांबडे दगड."

तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून पाद्रीबाबांनी दफनभूमीत जागा नाकारली. अशी बाळं रानात पुरायची. पुरायचं बापाने, उजाडायच्या आत. आईने मागे जायचं नाही. थेडी, तिचा नवरा, खोकं काखेत घेऊन गेला. परत येऊन म्हणाला, "काळ्या टेकडीच्या माथ्यावर आहे. वर तीन गारगोट्या ठेवल्यात." रान दिराचं. तो तिला पाऊल टाकू द्यायचा नाही. "तुझं काय आहे तिथे?" म्हणायचा.

"या मातीत इतकी कोवळी हाडं टिकत नाहीत," मी सांगितलं.

"म्हणून तर दगड विचारते."

आम्ही तळापर्यंत गेलो. पाणी उकळायची ओक लाकडाची डोण निघाली, कोळसा निघाला. शेवटच्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं.

"मग ओढ्यातच फेकलं त्याने," ती म्हणाली. "एकवीस वर्षं फुलं वाहिली गं मी त्या खोटारड्याच्या थडग्यावर."

थर्मास कुंपणापाशीच राहिला. हिवाळ्यात ती गेली. तिने बजावल्याप्रमाणे तिला थेडीपासून लांब, भिंतीकडेला पुरलं. थेडीच्या थडग्यावरच्या दगडावर तिचं नाव आधीच कोरलेलं आहे. पुढे तारखेची जागा कोरीच.

अहवाल लिहिताना खोदकामाच्या पहिल्या दिवसाचे फोटो बाहेर काढले. माथ्यावर, गवतात, तीन गारगोट्या. पुढच्या फोटोत त्या माझ्या ढकलगाडीत आहेत. कुणा शेतकऱ्याने टाकल्या असतील समजून गवताबरोबर मीच उपसल्या होत्या, आणि विसरले होते.

मॅलकीला फोटो दाखवला. "म्हातारी गेली," तो म्हणाला. "आता कुणाला सांगणार? माथ्यावर उल्लेखनीय काही नाही, असं लिही आणि घरी जा. लेक वाट बघत असेल."

मी तसंच लिहिलं.