खिळा ऐकणारं यंत्र

मिरजगावच्या त्या चिंचेचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. एकाहत्तर-बाहत्तरचा काळ. नगरात माझी लाकूड कापायची वखार होती, हमाली करून उभी केलेली. झाड घेताना मालकाला मी खोदून विचारलं होतं, "खोडात खिळा नाही ना?" तो म्हणाला, "न्हाई." ओंडका करवतीवर चढवला, तर पातं तुटून मेहुण्याच्या कानाजवळून गेलं. आत वीतभर खिळा निघाला.

भांडायला गेलो. मालक शांतच. "भूत खिळवलेलं हुतं त्यात. खिळ्याचं नाव काढलं की ते सुटतं, म्हनून न्हाई म्हनलो. तुमी इचारायलाच नको हुतं."

मेहुणा कामाला नवा होता. तो कोल्हारला घरी निघून गेला, आणि खिळा नसल्याची खात्री असल्याशिवाय पात्यापुढं उभा राहणार नाही म्हणाला. दुसरा माणूस ठेवणं मला परवडत नव्हतं, एकट्याला ओंडका ढकलता येत नव्हता. वखार बंद पडली.

तेव्हा नगरात लष्कराचं भंगार विकणारी दुकानं होती. गंज आणि जुन्या ग्रीसचा तो वास मला अजून आवडतो. तिथं जमिनीतलं लोखंड ओळखून सुरुंग शोधायची यंत्रं मिळतात असं ऐकलं आणि मेहुण्याला बोलावून घेतलं. दुकानदार चाचांनी यंत्र सुरू करताच ते कोकलायला लागलं.

"बघा शेठ, किती तेज आहे."

"चाचा, सगळं दुकान लोखंडाचं. इथं ते गप्प बसलं असतं तर नवल. मैदानात चला."

मी बाभळीच्या तुकड्यात खिळा ठोकून, वर भुसा भरून आणला होता. मोठं यंत्र मेहुण्याच्या पट्ट्यालाही ओरडलं, मातीलाही ओरडलं.

"दाजी, ह्यातलं खरं कोनतं समजायचं?"

दुसरं लहान होतं, कुणा रेडिओवाल्यानं जुळवलेलं, टॉर्चच्या सेलवर चालणारं. लांबचं त्याला काही कळत नसे. पण लाकडाला टेकवून फिरवलं आणि खिळ्यावर आलं की भुणभुण एकदम बारीक होई. मेहुण्यानं बरोबर जागा दाखवली आणि हसला. चाचांनी लगेच भाव चढवला.

मी मेहुण्याला बाजूला घेतलं. "भाव चालू असताना हसतात का रे? बहिणीनं एवढंही शिकवलं नाही?"

"तिनं तुमाला पसंत केलं तवा ती बी हसलीच आसंल, दाजी."

वर चाचा म्हणाले, कानाला लावून ऐकायचं ते वेगळं पडेल. माझं डोकं फिरलं. "बैल विकताना शिंगं वेगळी विकता का?" म्हणून मी तरातरा निघालो. कोपऱ्यावर हाक आली. निम्म्या भावात, कानासकट.

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाचा ओंडका चढवला. मी म्हणालो, "मालकाला विचारलंय. साफ आहे."

"मिरजगावचाबी साफच हुता," म्हणत मेहुण्यानं कानाला लावलं आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सावकाश यंत्र फिरवलं. उलटवून पुन्हा फिरवलं. मी हात बांधून धुमसत उभा. पोटाला मी घालायचं आणि विश्वास त्या भुणभुणीवर.

मग त्यानं यंत्र खाली ठेवलं, ओंडक्याला दोन्ही हात लावले आणि म्हणाला, "करा चालू, दाजी."