शिवेवर पोचलेला हप्ता

"ताई, पैसे आलेत. पण खातं दौलतरावांचं आहे. त्यांच्याशिवाय मला देता येणार नाहीत."

काउंटरच्या काचेपलीकडे गंगूबाई तोंडाला पदर लावून उभी होती. "मालक तिकडं अडकलेत सायब. मंग मी काय करू?"

लॉकडाऊनचे दिवस होते. मी आष्टीत एका बँकेच्या शाखेत मॅनेजर होतो. सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात मदतीचा हप्ता लवकर टाकला होता. दौलतरावांची थोडी कोरडवाहू जमीन, म्हणून त्यांनाही मिळाला. पण ते मेंढ्या घेऊन जिंतूरकडे गेलेले, आणि जिल्ह्याची हद्द बंद. इकडे मजुरी बंद, घरात रोख नाही आणि सासऱ्याचं इन्सुलिन संपत आलेलं.

मी खिशात हात घातला.

"न्हाई सायब," ती म्हणाली. "आमचे आलेत ना? मंग तुमचे कशाला?"

एक रस्ता होता. खेड्यांत बँकमित्र असतात, म्हणजे बँकेचं छोटं मशीन घेऊन काम करणारी माणसं. मशीनवर आधार नंबर टाकून बोट टेकवलं की पैसे काढता येतात, दुसऱ्याच्या खात्यात पाठवताही येतात. गंगूबाईचं जनधन खातं आमच्याच शाखेत होतं. दौलतरावांजवळ बँकमित्र पोचला, की काम झालं.

मी दौलतरावांना फोन लावला.

"गावात येऊ देईनात सायब," ते म्हणाले. "रस्त्यावर बाभळीचे फांटे टाकलेत. तसे लोक वाईट न्हाईत. सांजच्याला फांट्यापाशी भाकरी ठेवून जातात."

जिंतूरकडच्या ओळखीच्या मॅनेजरकडून त्या गावच्या बँकमित्राचा नंबर घेतला. शोभाताई नावाच्या बाई होत्या. त्यांना सगळं सांगितलं.

"त्यांला आत न्हाई घेणार गाववाले. मीच जाते शिवेवर."

"ताई, जबरदस्ती नाही. यात कमिशनही चहापुरतंच."

"म्हाईतंय सर. पण इन्सुलिन थांबणारंय का?"

दुपारी त्यांचा फोन आला. मागे मेंढ्यांचा आवाज. "सर, अंगठा घेईना मशीन."

लोकर कातरून, दोर वळून दौलतरावांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. त्यात सॅनिटायझरने कातडी कोरडी पडलेली. मी म्हणालो, "हात साबणाने धुवायला सांगा. आधार काढताना दहाही बोटं घेतात. एकेक लावून बघा."

गंगूबाई समोरच बाकावर बसली होती. तिला ऐकू यावं म्हणून मी स्पीकर चालू केला. तर्जनी नाही. मधलं नाही. दुसरा हातही तसाच चालला होता.

"लागलं सर. डावी करंगळी."

"किती टाकू तिकडं?" शोभाताईंनी दौलतरावांना विचारलं.

"सगळे टाका. मला इथं दूध हाय, भाकर हाय." मग जरा मोठ्यानं, "बाबाला जल्दी सुई दे म्हणावं."

"ऐकलं मी," गंगूबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

कॅशियरने तिथेच तिचे पैसे काढून दिले. ती सरळ मेडिकलवर गेली. सासरे वाचले. हद्द उघडल्यावर दौलतराव शाखेत आले आणि आधी शोभाताईंचा नंबर मागून घेतला. माझे आभार नंतर मानले, आणि ते बरोबरच होतं.

शोभाताईंना मी अजून पाहिलेलं नाही. दिवाळीला फोन करतो, आभार मानतो. त्या म्हणतात, "सर, झालं ना आता ते."

शिकलो ते एवढंच. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, म्हणजे ते माणसाच्या हातात पडले असं धरून चालू नये. आणि करंगळीही लावून बघावी.