अंजिराखालचे तीन आठवडे

तीन आठवडे काहीही न करण्यासाठी अटलांटिक ओलांडून जाणारा मराठी माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे, आणि गेली चार वर्षं त्याच्याशी भांडते आहे. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या काकांइतकी विश्रांती मनावर घेतलेला माणूस निदान अमेरिकेतल्या मराठी माणसांत तरी दुसरा नसेल. आपली माणसं सुट्टीसुद्धा ड्यूटीसारखी करतात. सात दिवसांत पाच राज्यं, पहाटे उठून धबधबा, दुपारी दरी, आणि प्रत्येक ठिकाणी आधी बायकोला कठड्यापाशी उभं करून फोटो. काका मात्र दर सप्टेंबरला भूमध्य समुद्रातल्या मायोर्का नावाच्या बेटावर जात, तिथल्या एकाच भारी हॉटेलात, एकाच खोलीत उतरत, आणि तीन आठवड्यांनी परत येत. मधल्या काळात ते हॉटेलच्या फाटकाबाहेर गेल्याचा पुरावा आजवर कोणाला मिळालेला नाही. शिकागोच्या देशी बाजारात, डेव्हन ॲव्हेन्यूवर डाळ-तांदूळ घेताना एकदा एका ओळखीच्या इंजिनियरनं त्यांना विचारलं, "काय काय पाहिलंत मग तिकडे?" काका म्हणाले, "समुद्र." "आणि?" काका थोडा विचार करून म्हणाले, "दुसऱ्या दिवशी परत तोच."

काका म्हणजे माझ्या बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. सोलापुरात दोघं एका गल्लीत वाढले, एका सायकलवरून कॉलेजला गेले, आणि गिरणीच्या गेटवर पत्रकंही दोघांनीच वाटली. पुढे काका डॉक्टर होऊन अमेरिकेला आले. बाबा गिरणीत लागले आणि युनियनमध्ये राहिले. माझं लहानपण त्या पत्रकांवरच गेलं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून, आणि शाळेच्या वह्यांना कव्हरंही उरलेल्या पत्रकांचीच असत. त्यामुळे एम. एस. करायला मी शिकागोला आले आणि बाबांनी पाठवल्यामुळे पहिल्याच रविवारी ट्रेननं काकांकडे गेले, तेव्हा त्यांच्या तोंडून हॉटेलातल्या तेलमालिशीचं वर्णन ऐकून माझ्या कपाळावर काय उमटलं असेल, ते सांगायला नको.

काका भूल देणारे डॉक्टर. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि वेळेवर उठवायचं हा त्यांचा व्यवसाय, आणि घरी आल्यावर तोच त्यांचा छंद. त्यांच्याकडे जेवायला गेलेल्या माणसाला दीड वाजता शाल मिळे आणि खोली दाखवली जाई. नकार चालत नसे. मी पहिल्यांदा "मला दुपारी झोपायची सवय नाही" म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "अगं, हॉस्पिटलात मी लोकांना झोपवतो तेव्हा आधी कागदावर सही घेतो. तुला सहीसुद्धा मागत नाहीये." स्वयंपाकघरातल्या घड्याळात त्यांनी बेटावरची वेळ लावून ठेवली होती, सात तास पुढची. बाहेर जानेवारीचा बर्फ गुडघाभर साचलेला असे, काकू सकाळचा चहा गाळत असत, आणि काका घड्याळाकडे बघून समाधानानं म्हणत, "दोन वाजले. हॉटेल बंद झालं बघ. आता चारपर्यंत कोणी घंटासुद्धा वाजवणार नाही." काकू म्हणत, "इथे अजून पोहे व्हायचेत. ते खाऊन मग बंद व्हा." काका गाडी इतकी सावकाश ड्राइव्ह करत की मागचे लोक आधी हॉर्न देत, मग शेजारून जाताना आत वाकून बघत, आणि धडधाकट माणूस दिसला की आणखी चिडत. काका त्यांना हात करत.

त्यांच्या या वेडाचा कळस म्हणजे स्लाइड-शो. इथल्या मराठी मंडळींत कोणी कुठे फिरून आलं की शनिवारी चार घरांना जेवायला बोलवून भिंतीवर पांढरी चादर लावत आणि प्रोजेक्टरवर स्लाइड्स दाखवत. काकांनीही एका वर्षी बोलावलं. पहिली स्लाइड पडली, एका मोठ्या अंजिराच्या झाडाची. दुसरी पडली, त्याच झाडाची. तिसरी, चौथी, सातवीसुद्धा. शेवटी मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "काका, स्लाइड अडकलीये का?" काका शांतपणे म्हणाले, "नाही. ही साडेदहाची. मघाची पावणेदहाची होती. सावली बघ ना, पायरीवर आली." सगळा रोल, छत्तीसच्या छत्तीस स्लाइड्स, त्यांनी एका दिवसात, एकाच आरामखुर्चीत पडून काढल्या होत्या. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी दारातून म्हणाली, "डॅड, इट्स अ ट्री." काका म्हणाले, "एक्झॅक्टली." पण विसाव्या स्लाइडपर्यंत चमत्कार झाला होता. लोकांचं हसणं थांबलं होतं, आणि एक गृहस्थ तर चक्क विचारत होते, "संध्याकाळी तिथे ऊन कुठून येतं?"

काकूंना विश्रांती शिकवणं मात्र काकांना जड गेलं. पहिल्या वर्षी त्या मेतकूट, भाजणी आणि छोटा कुकर घेऊन गेल्या. सकाळी उठल्या की खोली आवरणारी बाई यायच्या आत त्या पलंग असा चापूनचोपून आवरत की त्यावर कोणी झोपलं होतं असं वाटूच नये. बाईनं तीन दिवस बघितलं आणि मॅनेजरला सांगितलं, की या दोघांना आपला पलंग पसंत नाही, बिचारे खाली झोपतात. मॅनेजरनं नवी, अधिक मऊ गादी पाठवली. काकूंनी तीही आवरली. मला हा किस्सा सांगताना त्या म्हणाल्या, "परक्या बाईनं माझं अंथरूण का म्हणून काढायचं गं?" माझी काकूंवर तिथेच भक्ती बसली.

काकांशी मात्र भांडण. "तुम्ही मातीचे लेप लावून पडता, ती चिखलाची चादर धुतं कोण? त्या बाईला किती सुट्टी असते?" असं मी एकदा जेवताना विचारलं. मला वाटलं, ते गडबडतील. ते म्हणाले, "विचारलं मी तिला. हिवाळ्यात हॉटेल बंद असतं, तेव्हा ती आईकडे जाते. आणि दुपारी दोन ते चार तीही झोपते. पहिल्या दिवशी मी तीन वाजता पाणी मागायला घंटा वाजवली होती. तिनं येऊन पाणी दिलं आणि असं काही बघितलं माझ्याकडे, की परत वाजवली नाही." मग ताटातला भात सावकाश कालवत ते म्हणाले, "तुझ्या बाबांनी आणि मी पहिलं पत्रक काढलं होतं ना, ते भरपगारी रजेसाठी होतं. रात्रभर बसून लिहिलं. रजा का पाहिजे याची अकरा कारणं होती त्यात. रजेत काय करायचं, ते कुठेच लिहिलं नव्हतं. आम्हालाच माहीत नव्हतं." मी म्हटलं, "हे सगळं ठीक आहे, पण त्यासाठी एवढं भारी हॉटेल कशाला?" ते म्हणाले, "घरी फोन आहे."

हे वेड त्यांना कसं लागलं, ते काकूंनी सांगितलं. एका हिवाळ्यात सलग दोन दिवसांची ड्यूटी करून घरी येताना काकांचा स्टिअरिंगवरच डोळा लागला होता. गाडी रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात घुसली म्हणून वाचले. दुसऱ्याला भूल देताना आपणच असे पेंगलो असतो तर, या विचारानं ते हादरले. मग एका सहकाऱ्यानं हे हॉटेल सुचवलं.

आणि तेव्हापासून काकांच्या मनात एकच गोष्ट होती: माझ्या बाबांना तिथे न्यायचं. कापसाच्या तंतूंनी बाबांची छाती भरलेली होती. चार वाक्यं बोलली की खोकला, आणि सभेत तर चारशे वाक्यं. काका मला दर भेटीत विचारत, "खोकला कसा आहे त्याचा?" एका वसंतात त्यांनी सगळं ठरवलं. बाबांना सविस्तर पत्र लिहिलं, की सप्टेंबरमध्ये ये, तिकीट, खोली सगळं माझ्याकडे, कोरडी हवा आहे, कोमट समुद्राच्या पाण्याचे टब आहेत, तू फक्त पासपोर्ट काढ आणि पडून राहा. मला म्हणाले, "तो नाही म्हणेल. पण तू म्हणालीस तर येईल. तू एक ओळ लिही."

मी ती ओळ लिहिली नव्हती; महिन्याभरानं बाबांचंच पत्र मला आलं. आईची तब्येत, गिरणीच्या बातम्या, आणि शेवटी, जागा कमी पडली म्हणून कडेला आडवं लिहावं तसं, लिहिलं होतं: "तिकडच्या बेटावर ये म्हणतोय. तू काय म्हणतेस?"

मी चार पानी उत्तर लिहिलं. माझं आजवरचं सर्वांत चांगलं लिखाण असेल ते. ज्या माणसानं आयुष्यभर गेटवर उभं राहून भाषणं केली, त्यानं पांढऱ्या झग्यात आरामखुर्चीवर पडून दुसऱ्याकडून पाय चोळून घ्यायचे का. ज्यांच्या छातीत तोच कापूस आहे, त्या साथीदारांना कोणतं बेट मिळणार आहे. असे मुद्दे मी एकाखाली एक मांडले. प्रत्येक मुद्दा खरा होता. बाबांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. "तुझं बरोबर आहे. त्याला नाही म्हणून कळवलं." मला फार बरं वाटलं. त्या सप्टेंबरला काका-काकू नेहमीसारखे गेले आणि आले.

पुढच्या हिवाळ्यात बाबांची छाती एकदम बिघडली. महिनाभर हॉस्पिटलात होते. घरी आले, पण डॉक्टरांनी लांबचा प्रवास कायमचा बंद केला. आता ते जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून बसतात. ते घरी आल्यावर आईनं लिहिलेल्या पत्रात, औषधांच्या यादीनंतर, दोन ओळी होत्या. "कपाटात त्यांचे फोटो सापडले. मागच्या वर्षी पासपोर्टसाठी काढून आणले होते, पांढरा शर्ट इस्त्री करून. तुझं पत्र यायच्या आधी."

मी पुढच्या रविवारी नेपरव्हिलला गेले. काका ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते, त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे एक फावडं आणि मग थोडा वेळ आकाश. मी त्यांना सगळं सांगितलं. चार पानं मी लिहिली होती, हेही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुझ्या बाबानं तेव्हाच कळवलं होतं मला. पोरगी आता तयार झाली, तिचं ऐकावं लागतं, असं लिहिलं होतं. फार खुशीत होता."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

त्यांनी फावडं बर्फात रोवलं. "काय बोलणार? सगळं बरोबरच लिहिलं असणार तू. फक्त त्याला लिहायचं नव्हतं ते." मग फावडं परत उचलत म्हणाले, "आत जा. काकू चहा करतेय. तू पण जरा बस."

मी माझ्या त्या चार पानांतला एकही मुद्दा आजही मागे घेणार नाही. हॉटेलात चादरी धुणाऱ्यांबद्दल, गिरणीत कापूस गिळणाऱ्यांबद्दल मी लिहीत राहणार आहे. पण बाबांनी मला मत विचारलं नव्हतं. ज्यांनी जन्मभर स्वतःसाठी काही मागितलं नाही, त्यांना मागताना भाषा सापडत नाही. ते पत्राच्या कडेला, जेवता जेवता, दुसऱ्याच विषयावर बोलताना, सहज विचारल्यासारखं विचारतात: अमकं करावं म्हणतोय, तू काय म्हणतेस?

तुमच्या घरातल्या कोणी गेल्या महिन्याभरात तुम्हाला असं विचारलं असेल, तर हा अंक खाली ठेवा. त्यांना आजच फोन करा, किंवा शेजारच्या खोलीत असतील तर उठून जा, आणि कुठलाही मुद्दा न मांडता फक्त एवढंच म्हणा, "जा."