समोरून घेतलेला उजेड

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही — बहिणीजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच. मी कामं आधी लिहून काढते, मग क्रमाने उरकते, अशी बाई आहे. पण हे कुठल्याच यादीत घातलं नाही. घातलं असतं तर करावं लागलं असतं ना?

आमचं घर महाळुंग्यात. यजमान इथल्याच एका कंपनीत टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, होते. कंपनी सुटल्यावर त्यांनी तळमजल्यावर लेथ बसवलं आणि एबोनाइटच्या, म्हणजे काळ्या कडक रबराच्या, कांडीतून शाईपेनं बनवायला लागले. विक्री ऑनलाइन, म्हणून फोटो माझ्याकडे.

पहिले फोटो भिकार होते. काळं पेन, त्यावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ, बोटांचे ठसे, धूळ. मग मी शिकले. ट्यूबलाइट बंद. टेबल खिडकीशी, मागे पांढरा कार्डशीट, सावलीच्या बाजूला थर्माकोल. पेन जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसायचं आणि मग हात लावायचा नाही. सगळ्यात महत्त्वाचं — उजेड कुठून येतो. बाजूने तिरपा पडला तर बारीक ओरखडाही उठून दिसतो. खिडकीला बटर पेपर लावून समोरून घेतला तर तोच ओरखडा नाहीसा होतो. हे मला चांगलं कळलं. फारच चांगलं.

टूलरूमचा एक नियम ते घरीही पाळायचे — ज्याने पीस बनवला त्याने तो पास करायचा नाही. “तपासायचं तुझ्याकडं. मीच माझा पीस पास केला तर त्याला काय अर्थ न्हाई,” म्हणायचे. पुढे जवळचं बारीक दिसेना, तेव्हा पेन सोडून ते मी काढलेला फोटोच फोनवर मोठा करून बघायला लागले.

मग एका पेनाच्या टोकाशी गोल चरा दिसला. हत्यार थांबायच्या जागी थांबलं नव्हतं. चुकतं कधीतरी — असं मी म्हटलं आणि बटर पेपर लावला. पुढच्या पेनाला चरा तिथेच. त्याच्या पुढच्यालाही. नेहमी त्याच टोकाला, कांडी पकडून फिरवणारा लेथचा चक असतो त्या डाव्या बाजूला. बटर पेपरने जाईना ते मी फोनवर बोटाने पुसलं. पेन पाठवण्याआधी चरा स्वतः पॉलिश पेपरने घासला.

“बघ की, ह्यात काय खोट हाय?” ते फोटोकडे बघत म्हणाले. “साठी आली तरी हात हाय का न्हाई?”

मी म्हटलं, “आहे.”

मला कळत नव्हतं का? कळत होतं. कंपनी सुटल्यावर ते दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. ते दिवस परत येतील म्हणून मी घाबरले — आणि गप्प राहिले.

पुढे त्यांनी स्कूटर फाटकाच्या डाव्या खांबावर घातली, तेव्हा पिंपरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलेली, आणि गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, “काका, मशीनवर काम करता ना? कामात चुका कधीपासून होतायत?”

“चुका? न्हाई वो. अगं, दाखव की त्यांना फोटू.”

इथे मी बोलायला हवं होतं. फोन माझ्या हातात होता. आणि मी — मी फोटो दाखवले. एकेक करून. तेच, पुसलेले. बाई म्हणाल्या, “हात तर पक्का दिसतोय. चालू द्या काम, पण जपून.” बाहेर आल्यावर खुशीत त्यांनी मला रसवंतीत नेलं. तो उसाचा रस मी प्यायले.

तेव्हापासून मी खालचा आवाज ऐकत असते. लेथ चालू असलं की भीती, अचानक थांबलं की जास्त भीती. चक डावीकडे. त्यांचा डावा हात तिथेच — आणि तो हात त्यांना धड दिसत नाही. काल त्यांच्या शर्टाची डावी बाही फाटलेली दिसली. म्हणाले, खिळ्याला अडकली. खाली खिळा आहे कुठे?

आज सकाळी लेथ सुरू झालं तशी मी जिन्यातला मेन स्विच पाडला.

“अगं, आज गुरुवार हाय व्हय? लाइट गेली की,” ते खालून म्हणाले. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, म्हणून त्यांना संशय आला नाही. मी वरून म्हटलं, “येईल.” अजून एक खोटं.

ते दाराशी खुर्ची टाकून लाइटची वाट बघत बसलेत. हे लिहून झालं की मी खाली जाणार आहे. आधी सांगेन, स्विच मी पाडला. मग फोटोंचं. मग दवाखान्यात फोन पुढे केला तेव्हा मला काय काय माहीत होतं, ते.