पावकी-निमकी आणि लगोरी

मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते, नवरा दुसऱ्या कंपनीत शिफ्टला. दोघंही घराबाहेर. म्हणून मावळातून सासऱ्यांना पिंपरीच्या कॉलनीत आणलं आणि दुसरीतल्या लेकीचा अभ्यास त्यांच्याकडे सोपवला. सोपवला कसला, त्यांनी ताब्यातच घेतला!

शाळेतून आली की दूध पिऊन पोर त्यांच्यापुढे मांडी घालून बसायची. तीसपर्यंत पाढे झाले, मग पावकी, निमकी. शाळेत ते पावाचे नि अर्ध्याचे पाढे आता कुणी विचारतही नव्हतं. पण सासऱ्यांना सांगणार कोण? मी सून. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणे, "अगं, फुकटचा मास्तर मिळालाय, गप बस." मी गप बसले, ते माझं चुकलंच. खालून मुली हाका मारायच्या, "येतेस का गं?" हिचे डोळे खिडकीकडे. "आदी पाढा," सासरे म्हणत. दिवेलागण झाली तरी पाढा काही संपायचा नाही.

पुढे पुढे हाका बंद झाल्या. मला कळलंसुद्धा नाही. एका रविवारी मी हट्टानं तिला खाली पिटाळलं, तर पाच मिनिटांत पोर वर. "मला घेत नाहीत. म्हणतात, तुला लगोरी लावता येत नाही, तुझ्यामुळे आम्ही हरू." आणि भोकाड पसरलं.

माझं डोकंच फिरलं. "मामंजी, चुलीत गेले ते पाढे! पोरीला खेळायला सोडा." तोंडातून निघून गेलं.

सासरे हळूच म्हणाले, "तुमी दोघं कामाला. दिसभर ह्या खोलीत माझ्याशी कोन बोलतंय? पाढं म्हनताना ती बोलती."

माझा राग होता तो तसाच, वर जीव तुटायला लागला.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून मी घरी आले होते. लेक दूध पिऊन पाटी घेऊन बसली. सासऱ्यांनी पाटी बाजूला सारली, टोपी घातली, तिचा हात धरला आणि जिना उतरले. मी गॅलरीतून वाकून बघत होते. उभ्या जन्मात गावात कुणापुढे पडतं न घेतलेला तो माणूस आठ-नऊ वर्षांच्या मुलींना म्हणाला, "हिला घ्या की गं खेळाया. तिला येत न्हाई ती माझी चूक हाय. मीच सोडली न्हाई."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांतली मोठी म्हणाली, "बरं आजोबा. पण कच्चं लिंबू हं. आउट झाली तरी धरायचं नाही."

"चालंल. आन् मी हितंच बसलो तर?"

"बसा की. पण लांब गेलेला चेंडू तुम्ही आणून द्यायचा."

धोतर सावरत चेंडूमागे पळणारे सासरे मी पहिल्यांदाच पाहिले, आणि गॅलरीतच हमसून हमसून रडले.