नवसाचा रंग

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सासरी, टिटवाळ्याच्या पुढच्या गावात होते आणि देवळाच्या लाकडी मंडपाला रंग चालला होता. आमच्या गावात नवस फेडायचा तो जत्रेआधी मंडपाच्या खांबांना तैलरंग देऊन. यंदाचा रंग आमचा. माझ्या मुलाचं दुखणं सरलं म्हणून सासूबाईंनी बोललेला. नाकात त्या लाल रंगाचा वास आणि कानात चुलतभावाचा आवाज, "ताई, बाबा गेले..." महिना उलटला, तो वास जात नाही.

काका लाकूड कुजण्याचे तज्ज्ञ. हा अभ्यासाचा विषय असतो हेच कुणाला पटत नव्हतं, तेव्हापासूनचे. वागळे इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत लाकडाला औषध पाजायचे आणि डोंबिवलीच्या घरी बरण्यांत तुकडे मुद्दाम कुजवत ठेवायचे. काकू वैतागायची, "लोकांकडे लोणचं मुरतं, आमच्याकडे फळकुटं!" काका हसायचे. "वाळवीला उगाच बदनाम करतात गं. आधी पाणी येतं, मग बुरशी. वाळवी शेवटच्या पंगतीला."

काही वर्षांपूर्वी जत्रेला आले असताना त्यांनी मंडपाच्या मागच्या खांबात दाभण टोचलं. ते सहज मुठीपर्यंत आत गेलं आणि ओलं होऊन बाहेर आलं. कौलांतून गळणारं पाणी खांबात उतरत होतं आणि रंगाच्या थरांखाली कोंडून राहत होतं. काकांचा चेहराच उतरला. देवळाची व्यवस्था बघणाऱ्या माझ्या दिरांना म्हणाले, "रंग थांबवा, खांब बदला, तोवर इथे माणूस बसवू नका. लाकूड संपलंय, नुसता रंग उभा आहे."

दीर समजुतीनं हसले. "देवीचा मंडप हाय, काका. तीच सांभालंल."

मला राग येतो तो त्या चकाकीचा. दरवर्षी कुणाचं तरी भलं होतं आणि खांबावर आणखी एक थर चढतो.

परवा जत्रा झाली. सकाळीच मी दिरांना काकांचे शब्द पुन्हा सांगून पाहिले. "वहिनी, आज तरी अभद्र बोलू नका," म्हणाले. पंगत मंडपातच बसली. नवस आमचा, म्हणून मानाचा पाट माझ्या मुलाला, मागच्या खांबापाशी.

दाभण टोचलं त्या वर्षापासून काका बाहेर चिंचेखाली पान मागून घ्यायचे. लोक चिडवायचे, ते ऐकून घ्यायचे. मी तिथेच जाऊन बसले.

"आई, आत ये ना," मुलानं हाक मारली.

"तू बाहेर ये. आत्ता ये!"

त्यानं आजीकडे पाहिलं, हसला आणि आरामात खांबाला पाठ टेकली.